आमच्याकडे अजून पडायचीय

भारताची विकेट आमच्या सोसायटीत एकदा पडत नाही, चारदा पडते. पहिल्यांदा ती पडते गेटाशेजारच्या इस्त्रीवाल्याकडे. त्याच्या टेबलाखाली कोळशाच्या पोत्याला टेकून एक ट्रान्झिस्टर असतो, त्यावर आकाशवाणी. तो नुसता "च्च" करतो आणि कुणाच्या तरी शर्टावर इस्त्री जरा जास्तच दाबतो. मग 'ए' विंगमध्ये, जिथे अजून केबल आहे, "अरेरे" उठतो. तो विरायच्या आत 'बी' विंग, म्हणजे गच्चीवर छत्र्या लावलेली मंडळी. आणि सगळ्यांत शेवटी, दोन विंगांचं हळहळणं उरकून गडी बॅट काखेत मारून निघालेला असताना, 'सी' विंग. तोवर सी विंगमध्ये तोच गडी खेळपट्टीवर बॅट आपटत, हातमोजे आवळत मोठ्या आत्मविश्वासाने उभा असतो. आपण गेलोय हे त्याला ठाऊक नसतं. आम्हाला असतं.

सी विंग म्हणजे आम्ही. पंचावन्न इंची टीव्ही, फायबरची जोडणी, आणि ज्या ॲपची वर्गणी भरल्याशिवाय सामना दिसत नाही त्या ॲपची वर्षाची वर्गणी. चित्र इतकं स्वच्छ की चेंडूच्या शिवणीचे टाके मोजून घ्यावेत. फक्त चेंडू शिळा. सोसायटीत बाकी सगळीकडे पैशाचा मान राखला जातो. पार्किंगमध्ये सावलीची जागा कुणाला, टँकर आला की पाणी आधी कुठल्या टाकीत चढवायचं, गणपतीत आरतीचं ताट पहिल्यांदा कुणाच्या हातात, या सगळ्यात सी विंग पुढे. क्रिकेटने मात्र ही उतरंड उलटी करून ठेवली आहे. ज्याने सामन्यासाठी छदाम मोजला नाही त्याला विकेट सर्वांत आधी मिळते, आणि ज्याने हप्त्यावर टीव्ही घेतला त्याला ती सर्वांत शेवटी, तीही एका सिमेंटच्या जाहिरातीनंतर.

आमच्या सोसायटीचे खजिनदार तिसऱ्या मजल्यावर राहतात. एरवी इस्त्रीच्या दरात आठ आण्यांची वाढ झाली तर समितीची बैठक बोलावणारा हा गृहस्थ, पण सामन्याच्या दिवशी गॅलरीतून वाकून विचारताना मी त्यांना ऐकलंय, "काय रे, या रिव्ह्यूचं काय होणारे?" इस्त्रीवाला मान वर न करता सांगतो, "अंपायर्स कॉल, साहेब. नॉट आउट." खजिनदार आत जाऊन शांतपणे सोफ्यावर बसतात, आणि त्यानंतर त्यांच्या घरातली बाकीची मंडळी नखं खायला सुरुवात करतात.

हा उशीर होतो कुठे? बहुतेकांचा समज, तो आकाशात होतो. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर, एवढं वर जाऊन खाली यायचं म्हणजे वेळ लागणारच. प्रत्यक्षात त्या जाण्यायेण्याला जेमतेम पाव सेकंद लागतो. उरलेला सगळा वेळ जातो तो आपल्या पृथ्वीवर. मैदानातल्या कॅमेऱ्यांची चित्रं ओबी व्हॅनमध्ये येतात, त्यांतलं एक निवडलं जातं, त्यावर धावफलक चढतो, वेलचीची जाहिरात चढते, मग ते सगळं दाबून लहान करतात, वाहिनीच्या मुख्यालयाला पाठवतात, तिथून ते डिशवाल्यांकडे जातं, ते पुन्हा दाबून लहान करतात, वर धाडतात, खाली घेतात, आणि तुमच्या टीव्हीखालचा डबा ते उलगडून दाखवतो. यात काही सेकंद गेले तर तक्रार करू नये. आपल्याकडे साध्या दाखल्याला याहून कमी टेबलं असतात आणि याहून जास्त दिवस लागतात.

ॲपचं प्रकरण निराळं. ॲपल कंपनीने २००९ साली एक पद्धत काढली आणि थोड्याफार फरकाने आता सगळं जग तीच वापरतं. चित्राचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि टीव्हीने किंवा फोनने ते एकामागून एक मागवून घ्यायचे. सुरुवातीला एकेक तुकडा दहा सेकंदांचा असे, पुढे सहावर आला. वर नियम असा की सगळ्यांत ताज्या तुकड्याला एकदम हात घालायचा नाही, निदान तीन तुकड्यांचं अंतर राखायचं. तीन दाही तीस. का, तर इंटरनेट मधेच अडखळलं तर दाखवायला हाताशी काहीतरी असावं. नळाला पाणी कधी जाईल याचा नेम नसलेल्या घरात आधी पिंप भरून ठेवतात आणि मग त्यातलं तांब्यात ओततात, तसं हे आहे. पिंपातलं पाणी कालचं असलं तरी आपण गुपचूप पितो. पण शेजारच्या घरात नळ आत्ता चालू आहे आणि त्याचा आवाज भिंतीतून येतोय, हे सहन होत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर 'एकाच वेळी' ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते, असा विक्रम जाहीर झाला. आकड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते 'एकाच वेळी' मला समजलेलं नाही. ट्रॅव्हिस हेडच्या एका चौकाराच्या अलीकडे काही लाख लोक होते, पलीकडे काही लाख, आणि काहीजण दारात उभे राहून जेवण घेऊन आलेल्या पोराला ओटीपी सांगत होते. देश एका श्वासात सामना बघतो वगैरे समालोचक म्हणतात, ते केवळ त्यांना मैदानात बसवलेलं असतं म्हणून.

या तीस-चाळीस सेकंदांनी सर्वांत मोठं नुकसान केलं असेल तर ते आमच्याकडच्या अंधश्रद्धांचं. आमच्या घरात सामना बघण्याचे नियम आहेत. रोहित खेळत असेल तर खिडकीशेजारची खुर्ची भाच्यासाठी राखीव, त्याने उजवा पाय खाली सोडायचा नाही. षटक चालू असताना कुणी संडासला जायचं नाही. आजी टीव्हीकडे पाठ करून बसते, कारण तिने पाहिलं की विकेट जाते हे १९८७ पासून सिद्ध झालेलं आहे. मागे एकदा भाचा पाणी प्यायला उठला आणि विराट गेला. आजी कडाडली, "उठलास ना मेल्या! घालवलास ना त्याला!" भाचा अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, "अगं आजी, आपल्याला अर्धा मिनिट उशिरा दिसतं. मी उठायच्या आधीच तो आउट झाला होता." आजीने क्षणभर विचार केला. "म्हणजे तू उठणार हे त्याला आधीच कळलं," ती म्हणाली.

यावर अभियांत्रिकीत उत्तर नाही. पण मला तेव्हापासून चैन पडेना. शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या असताना आपण देवाला जे काही बोलतो, ते जो चेंडू टाकून, मारून, अडवून, पुसूनही झाला आहे त्याच्याबद्दल बोलतो. देवाने ऐकायचं ठरवलं तरी त्याला ते पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करावं लागणार. सरकारी नोकरांना महागाई भत्ता तसा मिळतो, षटकार मिळाल्याचं ऐकिवात नाही. आणि समजा तो मंजूर करणारच असेल, तरी ए विंगमधल्या भाविकांचा अर्ज आपल्या आधी पोचलेला.

काहींनी मात्र या उशिराचं सोनं केलं. आमच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा आहेत. त्यांची खिडकी ए विंगच्या समोर उघडते. टीव्ही ते फारसा बघत नाहीत, ऐकतात, आणि ऐकतात ते ए विंगला. चौकाराला तिकडून तोकडा "हे!" येतो. षटकाराचा आवाज लांबतो, कारण चेंडू हवेत असताना तो सुरू होतो आणि सीमापार पडल्यावर दुप्पट होतो. आपली विकेट गेली तर "अरे" एवढंच, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. झेल सुटला तर शिवी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा "मुलं आहेत घरात" असा आवाज. रिव्ह्यू सर्वांत अवघड. आधी ओरडा, मग दीर्घ शांतता, मग पुन्हा ओरडा किंवा नुसतंच भांड्यांचं वाजणं. आजोबांना हे सगळं पाठ आहे. एकदा त्यांचे व्याही सामना बघायला आले. आजोबा डोळे मिटून म्हणाले, "आता हा उचलणार बघा." तो उचलला गेला. थोड्या वेळाने म्हणाले, "याला घाई झालीय. जाईल." तो गेला. व्याही थक्क. "व्याहीबुवा, तुम्ही कधी खेळला होतात का हो?"

"कांगा लीगला असायचो," आजोबा म्हणाले. हे खोटं नव्हतं. पावसाळ्यात आझाद मैदानावर छत्री घेऊन ते असायचेच.

दुसरं टोक म्हणजे पाचव्या मजल्यावरचं कुटुंब. ॲपवर सामना थांबवता येतो, हा शोध त्यांना लागला. जेवायला बसले, सामना थांबवला. जेवण झालं, पुढे चालू केला. मधे सासूबाईंचा फोन आला, पुन्हा थांबवला. 'थेट'वर उडी मारायचं एक बटण असतं ते कुणी दाबलंच नाही. भारत जिंकला, फटाके फुटले, सोसायटी झोपली, आणि पावणेबाराला या घरातून "आउट! आउट! आउट!" अशी आरोळी उठली. वॉचमन काठी घेऊन वर धावला. त्याने दार वाजवलं तेव्हा त्यांनी सामना थांबवला.

आता सांगायला हरकत नाही, पूर्वी आपण यापेक्षा कितीतरी उशिरा क्रिकेट बघत होतो आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. १९७१ साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला. गावसकर नावाच्या नवख्या पोराने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. तेव्हा मुंबईत दूरदर्शन नव्हतंच, ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र. अख्ख्या दादरला गावसकरचं शतक दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर मिळालं, आणि दादर खूश होतं, कारण परळलाही ते तेव्हाच मिळालं. उशिराचा त्रास उशिराने होत नाही. दुसऱ्याला आधी कळण्याने होतो. चाळीतल्या एकाच घरात रेडिओ असायचा तेव्हाही लोक त्या घरात जाऊन बसत, म्हणजे सगळे एकदमच मागे.

पुढे दूरदर्शन आलं, आणि त्याच्याबरोबर 'व्यत्यय'. सामना रंगात आला की बातम्यांची वेळ व्हायची. परत येईपर्यंत कोण गेलं, किती झाले, काही पत्ता नसे. षटकाचा शेवटचा चेंडू जाहिरातीने खाल्ला जाई, पुढच्या षटकाचा पहिला त्याच जाहिरातीच्या शेपटीने. पण खाल्लेले चेंडू सगळ्यांच्या घरी तेच असत. आणि काही सामन्यांचा तर प्रश्नच वेगळा. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ वरून कपिल देवच्या नाबाद १७५. त्या खेळीचं चित्रणच नाही. अख्ख्या देशाने ती पाहिली थेट २०२१ च्या डिसेंबरात, चित्रपटगृहात, रणवीर सिंगच्या हातून. अडतीस वर्षांचा उशीर, तोही तिकीट काढून. कुणी ब्रही काढला नाही.

उशिरावरून खरा तंटा झाला तो २००७ च्या जानेवारीत. वेस्ट इंडीजचा संघ आला होता, मालिकेचे हक्क निंबस कंपनीकडे, सामने तिच्या नव्या वाहिनीवर. २१ तारखेला नागपूरला पहिला एकदिवसीय सामना झाला. सौरव गांगुली संघात परतला होता, तो ९८ वर धावबाद झाला. भारताने ३३८ केल्या, चंदरपॉलने नाबाद १४९ ठोकूनही वेस्ट इंडीज १४ धावांनी हरले. एवढा नाट्यमय सामना, आणि दूरदर्शनवर त्याचं थेट प्रक्षेपण नाही. सदरच्या मैदानाजवळ राहणाऱ्या ज्या नागपूरकराकडे केबल नव्हती त्याने टीव्ही लावला तर सामना नाही, खिडकी उघडली तर सामना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे तात्पुरता तोडगा निघाला, तो असा की दूरदर्शनने सामना दाखवावा, पण सात मिनिटं उशिराने.

हे सात मिनिटांचं गणित कुणी कसं काढलं असेल, याचं मला आजही कुतूहल आहे. षटकाला चार मिनिटं धरली तर पावणेदोन षटकं. म्हणजे केबलवाल्या घरात बाद झालेला फलंदाज अँटेनावाल्या घरात अजून दोन-तीन चौकार मारून घेणार. पाच मिनिटं ठेवली असती तर गरिबांवर उपकार झाल्यासारखं दिसलं असतं, दहा ठेवली असती तर अन्याय झाल्यासारखं. सात हा खास न्यायालयीन आकडा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच, क्रिकेटच्याच एका खटल्यात, हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगून ठेवलं होतं. बारा वर्षांनी जनतेला आपली मालमत्ता मिळाली, सात मिनिटं वापरून झालेली.

मग मात्र सरकार असं धावलं, की ज्यांची विधेयकं वर्षानुवर्षं पडून आहेत त्यांनी हेव्याने बघत राहावं. फेब्रुवारीत वटहुकूम, मार्चमध्ये संसदेत कायदा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला थेट दिलंच पाहिजे, आणि त्यावरच्या जाहिरातीच्या उत्पन्नात ७५ टक्के हक्कवाल्याचे, २५ टक्के प्रसार भारतीचे. पण गोष्ट इथे संपली असती तर वकिलांनी काय करायचं? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि आपल्या फ्री डिशवरच दाखवावं, खासगी केबल-डिशवाल्यांमार्फत नाही. म्हणून गावाकडे मामांच्या पत्र्यावरच्या छत्रीत दूरदर्शन लावलं तर सामना दिसतो, आणि शहरात महिन्याला पैसे भरणाऱ्या भाच्याने तीच वाहिनी लावली तर त्याला शेतीविषयक माहिती मिळते.

सातच मिनिटांवर आपण कायदा केला. अमेरिकेत एनबीसीने लंडन ऑलिंपिकला, २०१२ साली, काही तास केले. लंडनमध्ये भर दुपारी-संध्याकाळी झालेल्या मोठ्या शर्यती ते राखून ठेवत आणि रात्री, लोक जेवून बसले की दाखवत. उद्घाटन सोहळा तर इंटरनेटवरही थेट दाखवला नाही. मायकेल फेल्प्स चारशे मीटर मेडलेत चौथा आला, हे जगाला कळून चुकल्यावर अमेरिकन कुटुंबं पोटात गोळा घेऊन तो पाण्यात उडी मारतो ते बघायला बसली. कहर म्हणजे मिसी फ्रँकलिनची शर्यत दाखवायच्या जरा आधी त्याच वाहिनीने दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची जाहिरात लावली. तीत ही पोरगी सुवर्णपदक घेऊन हसत होती. ट्विटरवर लोकांनी एनबीसीची अशी काही पूजा बांधली की विचारू नका. आणि तरीही त्या ऑलिंपिकला २१ कोटींहून जास्त अमेरिकनांनी टीव्ही लावला, तिथल्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा आकडा. शिव्या देत देत बघितलं, पण बघितलं. आपल्या मालिका चालतात त्या याच तत्त्वावर.

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना याचं फार नवल वाटलं नसेल. टीव्हीवर क्रिकेट दिसण्याची आशा सोडून देण्यात त्यांची हयात गेलेली. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग नावाच्या संशोधकाने संगणकावर धावसंख्या पुरवणारी जी खटपट सुरू केली तिचं पुढे क्रिकइन्फो झालं, आणि ती उभी राहिली ती परदेशात शिकणाऱ्या, भारतीय उपखंडातून गेलेल्या पोरांच्या जिवावर. कुठेतरी एकजण रेडिओ ऐकायचा आणि टंकायचा, दुसरा खंडभर दूर बसून वाचायचा. चित्र नाही, आवाज नाही, 'चेंडू ऑफला, सोडला, धाव नाही' एवढ्यावर रात्र काढायची. नंतर आपल्या इथल्या कचेऱ्यांत तेच लोण आलं. पडद्याच्या कोपऱ्यात धावसंख्या, बोट एफ-५ वर, आणि साहेब मागून आले की समोर एक्सेलचा तक्ता. साहेबही परत केबिनमध्ये जाऊन एफ-५ दाबत.

गंमत अशी की रंगीत, स्वच्छ, पंचावन्न इंची चित्र मिळाल्यावर आपण पुन्हा त्या अक्षरांकडेच गेलो. कारण सरळ आहे. धावसंख्या देणाऱ्या ॲपला चित्र पाठवायचं नसतं, एक आकडा पाठवायचा असतो. चार, सहा, शून्य, किंवा लाल चौकोनात डब्ल्यू. आकड्याचं वजन ते काय! तो टीव्हीच्या कितीतरी आधी येऊन बसतो. त्यामुळे आता टीव्ही बघणारा माणूस टीव्ही बघत नाही. मांडीवर फोन असतो, त्यावर निकाल वाचतो आणि मग मान वर करून तो खरा आहे का हे तपासतो. सामना फोनवर घडतो, टीव्ही पंचनाम्यावर सही करायला येतो. यातून घराघरांत जे संवाद होतात ते असे:

"अहो, काय झालं?"

"कुठे काय?"

"मग तोंड असं का केलंत?"

"केलं नाही. आहेच तसं."

"गेला ना सूर्या?"

"मी काही बोललोय का?"

"तो फोन आधी आत ठेवा. आम्हाला बघू द्या सुखाने."

फोन आत ठेवला जातो. आतून तो वाजतो. नातेवाइकांचा व्हॉट्सॲप गट. त्या गटावर, फार भांडणं झाल्यानंतर, सामना चालू असताना धावसंख्या टाकायची नाही असा नियम झाला आहे. तो सगळे कसोशीने पाळतात. नाशिकची आत्या फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवते. डोंबिवलीचा मामा आधी पाठवलेला संदेश पुसतो, आणि पुसल्याची नोंद सगळ्यांना दिसते. पुण्याचे काका "असो." एवढंच पाठवतात, पूर्णविरामासकट. त्या पूर्णविरामात फलंदाज कोण, कसा गेला आणि त्याला संघात घेणाऱ्यांबद्दल काकांचं मत काय, सगळं येतं.

अखेर हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत निघाला. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, लिफ्टनंतर आणि कबुतरांच्या आधी. ठराव सी विंगने मांडला: सामन्याच्या वेळी आरडाओरडा करावयाचा झाल्यास तो सर्वांत मागे असलेल्या सदनिकेत चेंडू पोचल्यानंतरच करावा. ए विंगचे एक सभासद उठून म्हणाले, आनंद झाल्यावर चाळीस सेकंद थांबायचं आणि मग ओरडायचं, हे तुम्ही करून दाखवा. कुणीतरी करून दाखवलंही, ते फार भीषण दिसलं. मग सर्वांत मागे असलेली सदनिका कोणती, यावर गाडी अडली. हात वर करायला कोणी तयार होईना. ज्यांचा टीव्ही सर्वांत महाग तेच सर्वांत मागे, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं, तरीही "आमच्याकडे बरंच वेळेवर येतं" असं जो तो सांगू लागला. बी विंगमधल्या एका वहिनींनी इस्त्रीवाल्याचा ट्रान्झिस्टर बंद करावा असं सुचवलं. त्याला खजिनदारांनीच कडाडून विरोध केला.

मला विचाराल तर उपाय एकच, मैदानाजवळ जाऊन राहावं. माझी मावसबहीण नेरुळला राहते, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून किलोमीटरभरावर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मैदानातली आरोळी तिच्या खिडकीत तीन सेकंदांत येते. उपग्रह नको, फायबर नको, वर्गणी नको. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला आणि आपल्या मुली विश्वविजेत्या झाल्या, ते बहिणीला खिडकीतून कळलं. टीव्हीवर तेव्हा दीप्ती शर्मा गोलंदाजीच्या खुणेकडे चालली होती. बहीण रडून मोकळी झाली, डोळे पुसले आणि मग झेल बघायला बसली.

या सेकंदांची खरी किंमत आपल्यापैकी कुणालाच नाही, ती सट्टेवाल्यांना आहे. २०२१ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धचे तिन्ही एकदिवसीय सामने पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर झाले. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. मैदान रिकामं. पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी ३३ जणांना पकडलं, निरनिराळ्या राज्यांतून आलेले. काहीजण घोरवडेश्वरच्या डोंगरावर दुर्बिणी आणि कॅमेरे लावून बसले होते, काहीजण जवळच्या एका उंच इमारतीत. चेंडू पडला की डोळ्यांनी बघायचा, फोनवरून कळवायचा, आणि उरलेला देश तो बघेपर्यंत पैसे लावून मोकळं व्हायचं. मार्चच्या उन्हात डोंगर चढून, डबा-पाणी बरोबर नेऊन, जाहिरातीशिवाय, एकही चेंडू न चुकवता सामना बघणारे त्या दिवसांत महाराष्ट्रात तेवढेच होते. त्यांना बेड्या पडल्या.

ही बातमी मी खजिनदारांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्या उंच इमारतीत," ते म्हणाले, "टू बीएचकेचा काय भाव चाललाय?"